चोच, थेंब आणि बुडाखालची खूण

एका मैत्रिणीकडे खूप वर्षांनी गेले होते. ती आत काहीतरी शोधत होती आणि मी खिडकीपाशी उभी होते, तिथे कट्ट्यावर मातीचा एक जग ठेवलेला. करड्या-निळ्या ग्लेझचा, पोटाशी जरा फुगीर, मान आखूड, आणि चोच मात्र अशी की हात आपोआप तिकडे गेला. मातीत काम करणारी माणसं दुसऱ्याच्या घरात गेली की भांडी उचलतात, काठावरून बोट फिरवतात आणि मग सरळ उलटी करून बूड बघतात. तसंच केलं. बुडाखाली काहीच नव्हतं. नाव नाही, शिक्का नाही, नुसती खरबरीत भाजलेली माती आणि तिच्यात अडकलेले दोनचार वाळूचे कण. बूड जड होतं, थोडं अजून खरवडायला हवं होतं असं मनात आलं, कान पण जरा खाली लागलाय असं वाटलं, पण ती चोच बघून पोटात बारीकसं काहीतरी दुखलं. हेवा वाटला, सरळ सांगते. आपल्याला अशी जमते का, असा विचार येतोय तोवर ती बाहेर आली आणि मी विचारलं, "छान आहे गं, कोणाचा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, तुझाच की! तूच दिला होतास, आठ वर्षं झाली."

घरी येईपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं. विसरले याचं एवढं काही वाटलं नाही, इतक्या वर्षांत शेकडो भांडी हाताखालून गेली, सगळी कशी लक्षात राहणार. टोचलं ते वेगळंच. मी तो जग परक्याचा समजून पारखला होता, त्याचं जड बूड पकडलं होतं, त्याच्या चोचीचा हेवा केला होता, आणि तो हात माझाच होता. स्वतःच्या अक्षराची चिठ्ठी सापडावी आणि वाचताना हे कोणी लिहिलंय असा प्रश्न पडावा, तसं काहीसं. मग वाटायला लागलं की खूण हवी. सही नाही, सही कोणीही करतं. आपल्याला काय येतं ते सांगणारी एक छोटी खूण, प्रत्येक भांड्याच्या बुडाखाली, म्हणजे उद्या मी असेन नसेन, कोणी उलटं करून बघितलं तर त्याला कळेल की ही भांडी एका हातातून आलीत आणि तो हात अमुक प्रकारचा होता.

त्याच रात्री वही काढली. पहिलं चित्र अगदी भरगच्च झालं. मधे चाक, चाकावर घडा, दोन्ही बाजूंनी दोन हात, खाली ज्वाळा, वर माझ्या नावाची आद्याक्षरं, आणि सगळ्याभोवती गोल. कागदावर पेन्सिलीने काढताना खूप समाधान वाटत होतं, एकेक गोष्ट त्यात घालत गेले की आपण किती काय काय करतो असं भरून येतं. सकाळी परत बघितलं तर ते कुठल्यातरी संस्थेचं बोधचिन्ह वाटत होतं. कुंभारकाम करणाऱ्या कोणाच्याही दारावर लावलं असतं तरी चाललं असतं. त्यात चाक होतं, माती होती, आग होती, म्हणजे आमच्या सगळ्यांकडे असतं ते सगळं होतं. मी कुठे होते?

आणि मुळात ते मातीत उमटणारच नव्हतं. बुडाखालची खूण साधारण सेंटीमीटरभर, फार तर दीड. माझी माती ओली असल्यापासून पूर्ण भाजून होईपर्यंत जवळजवळ 12 टक्के आकसते, म्हणजे 10 मिलिमीटरची खूण भट्टीतून बाहेर येताना नऊच्याही आत आलेली असते. त्यात ग्लेझ. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळलेली काच, ती उतार दिसेल तिकडे धावते आणि खाच दिसली की तिच्यात जाऊन बसते. बारीक रेघ असेल तर भरून जाते, मग नुसता एक गुळगुळीत डाग उरतो. शिक्काही आम्ही मातीचाच करतो. छोटीशी कांडी, तिच्या टोकावर उलटं कोरायचं आणि एकदा कच्ची भाजून घ्यायची, त्याला बिस्क म्हणतात. बिस्क झालेली माती पाणी ओढून घेते त्यामुळे ओल्या भांड्याला चिकटत नाही, पटकन सुटते. पण शिक्काही भाजताना थोडा आकसतो, म्हणजे कोरताना हवा त्यापेक्षा मोठा कोरायचा, आणि अक्षर असेल तर आरशातलं. मी पहिल्या शिक्क्यात नावाचं अक्षर सुलटं कोरलं, म्हणजे भांड्यावर उलटं आलं. दुसऱ्यात सगळं बरोबर कोरलं पण रेघा इतक्या जवळजवळ की दाबल्यावर मधली माती उचलूनच आली. चार शिक्के फुकट गेले. प्रत्येक वेळी चित्रातलं काहीतरी कमी करावं लागत होतं, आधी ज्वाळा गेल्या, मग हात गेले, मग गोल. माती काढून टाक म्हणत होती आणि मी एकेक गोष्ट जड मनाने खोडत होते.

दाबायची वेळ पण एकच असते. भांडं चाकावरून उतरलं की शिक्का मारायचा नाही, तेव्हा माती लोण्यासारखी असते, शिक्का आत जातो आणि बूडच वाकडं होतं. पूर्ण वाळल्यावर मारला तर चीर जाते. मधे एक अवस्था असते, लेदर-हार्ड, भांडं हातात धरता येतं, नख उमटतं पण बोट रुतत नाही, स्पर्शाला गार लागतं. त्या वेळी आतून एका बोटाने आधार द्यायचा आणि बाहेरून शिक्का टेकवून जरासा डोलवायचा, पुढे मागे, डावी उजवी, आणि उचलायचा. शिक्का सुटतानाचा तो बारीक आवाज, ओठ विलग झाल्यासारखा, मला फार आवडतो.

या सगळ्या दिवसांत मी इतरांच्या खुणा बघत बसायचे. एखादी गोष्ट आपल्याला करायची असली की आधी कोणी कशी केली ते बघायची सवयच आहे, आणि त्यात मी वाहवत जाते. जुन्या युरोपातले दगड फोडणारे गवंडी प्रत्येक चिऱ्यावर आपली खूण करायचे, बाण, फुली, त्रिकोण, जवळजवळ सगळ्या सरळ रेघांच्या, कारण छिन्नीने दोन घावात सरळ रेघ येते, गोल काढायला वेळ जातो, आणि पुष्कळदा त्यांना मोजून पैसे मिळायचे, म्हणजे चिरा कोणाचा ते कळायला हवं. हे वाचल्यावर मला माझ्या फुकट गेलेल्या शिक्क्यांचं एवढं वाईट वाटेनासं झालं. त्यांच्या छिन्नीने त्यांची खूण ठरवली होती, माझी माती माझी ठरवत होती. रोमन काळात आत्ताच्या दक्षिण फ्रान्समधे ला ग्रोफेसांक नावाच्या ठिकाणी लाल चकचकीत ताटं वाट्या करायचे, त्यावर आतल्या बाजूला मधोमध कारागिराच्या नावाचा शिक्का असायचा. भट्ट्या प्रचंड, एका वेळी हजारो भांडी, आणि ती अनेकांची मिळून. तिथे भाजलेल्या ताटांवर टोकदार वस्तूने खरवडून लिहिलेल्या याद्या सापडल्यात, कोणाची किती भांडी आत आहेत त्याच्या. मला ते शिक्क्यांपेक्षा त्या याद्यांनी जास्त हलवलं. सामायिक भट्टीतून आपलं भांडं ओळखून घरी न्यायचं, एवढीच गरज. मीही कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या भट्टीत भांडी भाजून घेतलीत, आणि भट्टी उघडली की आपलं कुठाय म्हणून मान वाकवून शोधणं मला चांगलं माहितीये.

काही खुणांमधे भांडण पण असतं. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी युथिमिडीस नावाच्या ग्रीक चित्रकाराने एका मोठ्या कुंभावर नाचणारी माणसं रंगवली आणि बाजूला लिहून ठेवलं की युफ्रोनिओसला असं कधीच जमलं नाही. युफ्रोनिओस त्याचाच समकालीन, तोही थोर. त्या ओळीतली ईर्षा अजून गरम वाटते. आणि चीनमधली गोष्ट बरोबर उलटी. तिथे बुडाखाली राजाच्या कारकिर्दीचं नाव लिहायची पद्धत, आणि 17व्या शतकाच्या शेवटी, खांगशी बादशहाच्या काळातल्या कारागिरांनी आपल्या कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा राजवटीचं नाव लिहिलं. त्यातलं बरंचसं आदराने, की बाबांनो, तुमच्यासारखं करायला बघतोय. मलाही हे करून बघावंसं वाटलं होतं. माझ्या बाईंची खूण, ज्यांच्याकडे मी शिकले त्यांची, एक आडवी रेघ आणि तिच्यावर अर्धा गोल. तीच थोडी बदलून घ्यावी असं दोन दिवस डोक्यात होतं.

सांचीच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. हे रूपकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं, एवढाच त्याचा अर्थ. दंतकार म्हणजे हस्तिदंतात कोरणारे. एकाचंही नाव नाही. गाव आहे आणि हातात काय आहे ते आहे. आणि खरंच, दगडातलं ते कोरीवकाम बघताना जाणवतं की हे हात आधी फार बारीक, फार महाग वस्तूवर काम करून आलेत, जिथे एक चुकीचा घाव परवडत नाही. मी त्या ओळीवर बराच वेळ अडकले. माझ्या मनात जे होतं ते हेच, नाव नको, काम. पण त्यांना नेमकं सांगता आलं, दंतकार. मला माझ्याबद्दल एवढं नेमकं काय सांगता येईल?

आणि मग डेव्ह. त्याच्याबद्दल वाचलं त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधे एजफील्ड भागात 19व्या शतकात गुलाम म्हणून राबवला गेलेला हा कुंभार. प्रचंड रांजण करायचा, शंभर लिटरच्या वर मावेल असे सुद्धा, ते ओल्या मातीचं वजन नुसतं पेलायचं म्हणजे काय असतं ते ज्याने चाकावर पाच किलो माती बसवलीये त्यालाच कळेल. त्या राज्यात 1834 मधे कायदा झाला होता, गुलामांना लिहायला वाचायला शिकवायचं नाही. आणि हा माणूस ओल्या मातीवर, खांद्याजवळ, सगळ्यांना दिसेल असं, तारीख घालून लिहायचा, डेव्ह. कधीकधी दोन ओळींची कविता पण. 1857 च्या ऑगस्टमधल्या एका रांजणावर त्याने विचारलंय की माझी सगळी नातीगोती कुठे असतील. त्याच्या भांड्यांवर मालकाच्या नावाची अक्षरं पण असायची. एकाच मातीवर दोन खुणा, एक ज्याच्या मालकीचं त्याची आणि एक ज्याने केलं त्याची. आज आपण दुसरीसाठी तो रांजण बघायला जातो.

हे वाचल्यावर माझी वही मिटून ठेवावीशी वाटली. मी सेंटीमीटरभर जागेत चाक बसवू का ज्वाळा, याचा विचार करत होते.

त्याच काळात हामादा शोजी या जपानी कुंभाराबद्दल पण परत वाचत होते. तो 1920 मधे बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडला, सेंट आइव्ह्जला गेला, तिथे असताना भांड्यांवर शिक्का मारायचा, आणि जपानला परत आल्यावर पुढे त्याने भांड्यांवर खूण करणंच सोडून दिलं. आयुष्यभर, हजारो भांडी. याचं कौतुक सगळेच करतात, मीही करते, पण मला त्याच्यात आणि डेव्हमधे डेव्ह जवळचा वाटतो. हामादाचं भांडं लोक बिनखुणेचं ओळखत होते. खूण न करणं ही सुद्धा ज्याला सगळे ओळखतात त्यालाच परवडणारी गोष्ट आहे असं मला वाटतं. बाकीच्यांची बिनखुणेची भांडी नुसती भांडी होतात, खिडकीतल्या त्या जगासारखी, ज्याला करणारीने पण ओळखलं नाही.

शेवटी बाईंना फोन केला. आता त्या चाकावर बसत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, पण आवाज तोच. मी सगळं सांगितलं, चित्रं, फुकट गेलेले शिक्के, आणि तुमची खूण थोडी बदलून घेऊ का हेही विचारलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी कशाला घेतेस? ती माझ्या ताटांची आहे. मला ताटं यायची, सपाट, न वाकणारी. तुला कुठे येतात ताटं?" मी म्हटलं, "नाही येत, बाई." "मग काय येतं ते आधी सांग. खूण मागाहून बघू."

फोन ठेवला आणि खरंच बसून विचार केला. असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारतच नाही. वीस वर्षं एखादं काम केलं की सगळंच येतं असं वाटायला लागतं. सेंटरिंग येतं, म्हणजे माती चाकाच्या मध्यावर आणून स्थिर करणं, पण ते सगळ्यांनाच यावं लागतं, ते नसेल तर पुढे काहीच नाही, त्यात माझं काय. ग्लेझ? माझी जी दोन ग्लेझं लोकांना आवडतात त्यातलं एक बाईंचं आहे आणि दुसरं एका मैत्रिणीने हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून, मी फक्त प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं. बुडं माझी जड राहतात, ट्रिमिंग करताना, म्हणजे बुडाची जास्तीची माती खरवडून काढताना, हात आखडतो, भोक पडेल या भीतीने, ते अजून गेलेलं नाही. कान बरे लागतात पण मैत्रिणीच्या जगाला जसा खाली लागला होता तसा अजूनही लागतो, परवाच बघितलं. मोठी भांडी होत नाहीत, खांदा दुखतो. हे सगळं एकेक करून बाजूला ठेवत गेले तेव्हा सुरुवातीला खूप रिकामं वाटलं, घरातलं सामान हलवल्यावर खोलीत आवाज घुमतो तसं. आणि मग आठवलं की त्या खिडकीत मला हेवा कशाचा वाटला होता.

चोच.

मला चोच येते. जग, झारी, ओतायचं काहीही असो, त्याची चोच. हे मी कधी मोठं मानलंच नाही कारण त्याला लागतं एक मिनिट. भांडं पूर्ण झालं, चाक थांबलं, की डाव्या हाताच्या दोन बोटांनी काठ दोन्हीकडून हलकेच धरायचा आणि उजव्या हाताचं ओलं बोट मधे ठेवून डावीउजवीकडे फिरवत बाहेर ओढायचं, चारपाच वेळा, जास्त नाही. काठ पातळ होत होत पुढे येतो आणि किंचित खाली वळतो. हे बाहेरून दिसतं. पण खरं काम खालच्या बाजूला असतं. ओतणं संपवताना पाण्याचा जोर कमी होतो आणि शेवटचं पाणी कडेवरून सुटण्याऐवजी कडेलाच चिकटून मागे वळतं, चोचीच्या खालून पोटावर ओघळतं. कड गोल असेल तर हमखास, कारण पाण्याला वळायला रस्ता मिळतो. कड आतून गुळगुळीत आणि खालच्या अंगाने धारदार हवी, म्हणजे पाण्याला वळता येत नाही, तिथेच तुटतं. आणि चोचीच्या मागे गळ्यात थोडी घळ हवी, म्हणजे पाणी गोळा होऊन एका धारेने येतं. पण फार धारदार केली तर भाजल्यावर टवका उडतो, आणि वरून ग्लेझ बसलं की ती धार परत गोल होतेच, म्हणून त्याचा हिशोब आधीच करायचा. हे कोणी पुस्तकातून शिकवलं तर शंभर वाक्यं लागतील. बोटाला कळतं, अमुक इतकं.

बाईंची एक परीक्षा होती. जग तयार झाला, भाजून आला, की जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर एक रिकामं भांडं ठेवायचं आणि उभ्याने जगातून पाणी ओतायचं, मधेच थांबायचं, परत ओतायचं, परत थांबायचं, दहा वेळा. थांबतानाच थेंब गळतो, ओतताना नाही. मग कागद बघायचा. एक काळा ठिपका दिसला तरी बाई काही न बोलता जग बाजूला ठेवायच्या. माझा कागद कोरडा राहायला लागला तेव्हा त्यांनी तो उचलून उजेडात धरून बघितला होता, खालून वरून. तो दिवस मी कसा विसरले होते कोण जाणे. बाकीच्यांसारखे उंच, पातळ, मोठे घडे करता यावेत म्हणून इतकी वर्षं झटत राहिले आणि जे येत होतं ते येतंय म्हणून त्याच्याकडे बघितलंच नाही.

मग खूण व्हायला वेळ लागला नाही. एक तिरकी रेघ वर जाणारी, टोकाशी अचानक खाली मोडलेली, आणि तिच्यापासून जरा सुटून एक ठिपका. चोच आणि तुटलेला थेंब. दोन रेघा आणि एक टिंब, आरशात उलटं झालं तरी बिघडणार नाही इतकं साधं, ग्लेझ भरलं तरी टिंब उरेलच. शिक्का कोरायला दहा मिनिटं लागली. पहिल्यांदा ओल्या मातीच्या गोळ्यावर दाबून बघितला तेव्हा भाची शेजारी बसली होती, सहा वर्षांची, तिचं आपलं मातीचे साप करणं चालू होतं. तिने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, चिमणी!"

मी म्हटलं, "कुठाय चिमणी? हा जग आहे, हे त्यातून पाणी पडतंय."

"नाही. ही चोच. आणि हा डोळा."

परत बघितलं तर खरंच होती. माझा थेंब तिचा डोळा झाला होता. मी भांड्याच्या चोचीला इतकी वर्षं चोच म्हणते, आमच्या भांड्यांना पोट असतं, मान असते, कान असतात, आणि चोच असते, पण चोच म्हटल्यावर मला पक्षी कधीच दिसला नव्हता. आता तो शिक्का हातात घेतला की आधी चिमणी दिसते आणि मग प्रयत्न करून जग बघावा लागतो. दोन दिवस रुखरुख होती. आपण एवढं शोधून काढलेलं, एवढं नेमकं, आणि बघणाऱ्याला भलतंच दिसतंय. ठिपका खाली सरकवावा का, म्हणजे डोळा वाटणार नाही, असं एकदा करूनही बघितलं, पण मग थेंब चोचीपासून इतका लांब गेला की त्याचा काही संबंधच राहिला नाही. होता तसाच ठेवला. बाईंना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "ठिपका जरा खोल दाब."

पुढच्या भट्टीत तेवीस भांडी होती, सगळ्यांच्या बुडाखाली खूण. भट्टी थंड होईपर्यंत थांबणं नेहमीच अवघड, यावेळी दीड दिवस मी दर तासाला जाऊन हात लावून बघत होते. उघडल्यावर पहिल्यांदा कधी नव्हे ते भांड्याची तोंडं न बघता बुडं बघितली. पाच भांड्यांच्या खुणेत ग्लेझचा ओघळ जाऊन बसला होता, मी बूड नीट पुसलं नव्हतं, तिथे फक्त ठिपका उरलेला. बाकीच्या छान उमटल्या होत्या, खाचेत माती थोडी गडद भाजते त्यामुळे रेघ आपोआप उठून दिसते.

त्यात चार जग होते. संध्याकाळी वर्तमानपत्र पसरलं. पहिला कोरडा, दुसरा कोरडा, तिसरा कोरडा. चौथ्याने दुसऱ्याच वेळेला कागदावर ठिपका पाडला. मग अजून एक. चोच भट्टीत थोडीशी बसली होती, एका बाजूला, बघून कळलं नसतं, बोट फिरवल्यावर कळलं. मी तो उलटा केला आणि खाली माझी खूण, चारही जगात सगळ्यात स्वच्छ उमटलेली. हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. लंडनमधे चांदीच्या भांड्यांवर बिबट्याचं तोंड उमटवायची पद्धत 1300 साली सुरू झाली, तिथे चांदी आधी तपासायची, शुद्ध निघाली तरच तो ठसा मारायचा. आमच्याकडे तसं करताच येत नाही. माती ओली आहे तोवरच खूण करावी लागते, आग मधे असते, आणि पाणी ओतून बघता येतं ते त्याच्याही नंतर. म्हणजे माझ्या खुणेने जे सांगितलं ते भांड्याने अजून करून दाखवलेलं नसतं. फोडायला उचलला होता, बाईंनी फोडला असता असं वाटतं, नक्की नाही सांगता येत. नाही फोडला.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली माझ्या जगाखाली पण ती चिमणी कोरून दे ना. भाजलेल्या भांड्यावर दाबता येत नाही, हिऱ्याच्या टोकाने खरवडावं लागतं, ते मी करू शकले असते. तिच्याकडे गेले, जग घेतला, वर्तमानपत्र मागितलं. दहा वेळा ओतलं. ती बघत होती, हे काय चाललंय म्हणून. कागद कोरडा होता, कडेपर्यंत कोरडा. मग जग परत खिडकीत ठेवला, होता तसाच, आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलत बसलो.

चौथा जग माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्याने कुंड्यांना पाणी घालते. ओतून थांबले की थेंब चोचीखालून वळतो, पोटावरून हळूहळू उतरतो, बुडाच्या कडेशी येऊन थांबतो, आणि जग जिथे ठेवते तिथे एक ओलं वर्तुळ उमटतं, दुपारपर्यंत वाळतं.